कळसूबाईची चढण आणि तीन भाकऱ्या

डोंगरावरच्या सहलीहून परतल्यावर एक गंमत तुमच्या ध्यानात आली असेल. चढताना छाती भात्यासारखी चालते, पण पाय फारसे दुखत नाहीत. उतरताना दम लागत नाही; मात्र दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरतात. असे का होते? उत्तर शोधण्यासाठी आपण महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरावर, म्हणजे कळसूबाईवर जाऊ.

कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची 1646 मीटर आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, बारी गावातून नेहमीची वाट वर जाते. आधी शेते, मग झाडी, मग बेसाल्टचे उभे टप्पे आणि त्यांना लावलेल्या लोखंडी शिड्या. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण सुमारे 850 मीटर भरते.

आता थोडे गणित करू. तुमचे वजन 50 किलोग्रॅम आहे असे समजा. ते 850 मीटर उचलण्यासाठी लागणारे कार्य 50 × 9.8 × 850, म्हणजे सुमारे 4,16,000 जूल. हे झाले जवळजवळ 100 किलोकॅलरी. एका भाकरीतून याहून अधिक ऊर्जा मिळते! मग एका भाकरीवर शिखर गाठता येईल का?

नाही. आपले स्नायू हे काही आदर्श यंत्र नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा ते कार्यात बदलतात; उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून 100 किलोकॅलरीच्या कार्यासाठी निदान 400 किलोकॅलरी खर्च होतात. ज्वारीच्या साधारण तीन मध्यम भाकऱ्यांत एवढी ऊर्जा असते. सपाटीवरचे चालणे आणि पाठीवरच्या पिशवीचे ओझे यांचा हिशेब वेगळाच.

परंतु खरा प्रश्न भाकऱ्यांचा नाही, त्या 300 किलोकॅलरी उष्णतेचा आहे. ही सारी उष्णता शरीरातच साठून राहिली, तर 50 किलोग्रॅमच्या शरीराचे तापमान सुमारे 7 अंश सेल्सियसने वाढेल. म्हणजे 37 चे 44 होईल, आणि या तापमानाला माणूस जगत नाही. आपल्याला वाचवतो तो घाम. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शरीरातून काढून घेतली जाते. तेव्हा हिशेबाने अर्धा लिटर घाम पुरायला हवा. पण कपाळावरून टपकून गेलेला थेंब आपल्याला थंड करीत नाही. अंगावरच सुकलेला थेंब करतो. हवा दमट असेल, वारा पडला असेल, काळा कातळ तापला असेल, तर घाम निथळतो आणि उष्णता मात्र आत राहते. म्हणून चढण पहाटेच सुरू करावी, सुती सैल कपडे घालावेत, तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. घामाबरोबर मीठही जाते. लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी किंवा खारा चिवडा बरोबर असावा. चालता चालता कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो थट्टेचा विषय नव्हे. त्याला लगेच सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि डॉक्टरांची मदत मिळवावी. शिखर कोठे जात नाही.

आता उतरणीकडे वळू. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत शरीर उचलतो. उतरताना तोच स्नायू ब्रेकचे काम करतो. ताणलेल्या अवस्थेत तो हळूहळू लांब होत जातो. यात ऊर्जा कमी लागते, म्हणून दम लागत नाही. पण लांब होत असलेल्या स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून येण्याची क्रिया चालू असताना एक-दोन दिवस ठणका राहतो. हे दुखणे लॅक्टिक आम्लामुळे होते असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. ते आम्ल तास-दोन तासांतच निघून जाते. महत्त्वाची गोष्ट अशी, की थकलेला ब्रेक नीट लागत नाही. म्हणून परतीच्या वाटेवर, शिड्यांपाशी, पाय लटपटतात. सगळी शक्ती माथ्यावर संपवून चालत नाही.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा? स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये एक सोपा नियम सांगितला: दर 5 किलोमीटर चालीला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे कळसूबाईच्या नुसत्या उंचीलाच जवळजवळ दीड तास जोडावा लागतो. हा हिशेब सशक्त माणसाचा, तोही विश्रांती न धरता. शाळेच्या गटाने त्यात भरपूर भर घालावी, आणि निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवावी. ती झाली, की माथा समोर दिसत असला तरी मागे वळावे.

घरी एक प्रयोग करून पाहा. दोन मजल्यांचा जिना सावकाश चढा आणि नाडीचे ठोके मोजा. पाच मिनिटे बसा. मग त्याच गतीने उतरून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. कळसूबाईचा अर्धा धडा तुम्हाला जिन्यावरच मिळेल.