गिटारची कॉर्ड : दोन बोटे जागेवरच

छत्तीसगढमधील खैरागढ येथे १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. रायपूरच्या मराठी घरांनाही पेटी-तबल्याची संगत परकी नाही. अशा घरातील मुलाने हौसेने गिटार हाती घ्यावी, तर थोड्याच दिवसांत बोटांची टोके हुळहुळतात, कॉर्ड खरखरते आणि पुष्कळदा वाद्य कोपऱ्यात जाते.

बळापेक्षा बोटांच्या जागेकडे अधिक लक्ष द्यावे. बोट पडद्याच्या अगदी लगत, किंचित मागे टेकवावे. ते आडवे पडले की शेजारची तार मुकी होते. म्हणून प्रत्येक तार निरनिराळी छेडून पाहावी.

खरी अडचण कॉर्ड बदलताना येते. येथे पेटी उपयोगी पडते. पांढरी एक हा षड्ज मानल्यास सी मेजर म्हणजे सा, ग, प आणि ए मायनर म्हणजे ध, सा, ग. सा व ग दोहोंत आहेतच! गिटारवरही दुसऱ्या तारेवरील तर्जनी आणि चौथ्या तारेवरील मध्यमा हलत नाहीत. केवळ अनामिका पाचवी तार सोडून तिसरीच्या दुसऱ्या घरात येते. तिसऱ्या तारेचा मोकळा पंचम धैवत होतो. नवशिके मात्र सारा पंजा उचलतात आणि तेथेच ताल निसटतो. आरंभी विलंबित लयीत, चार मात्रांना एक कॉर्ड, एवढेच पुरे.

रायपूरच्या उन्हाळ्यात गिटार कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नये. लाकूड ओल धरून फुगते, तारा उंचावतात आणि कोवळ्या बोटांना त्या दाबणे अधिकच जड जाते.