अंधार हाच माल: ट्रोम्सोच्या हिवाळ्यातून फोटोग्राफरने काय शिकावं?



फोटोग्राफीचा व्यवसाय करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. लग्नसराई संपली, आता काय? ऑफ सीझनला स्टुडिओचं भाडं थांबत नाही, कॅमेऱ्याचा हप्ता थांबत नाही. आज आपण अशा एका शहराकडे बघणार आहोत, जिथे हिवाळ्यात जवळपास दोन महिने सूर्यच उगवत नाही आणि तरीही तोच तिथल्या फोटोग्राफर-गाइड मंडळींचा कमाईचा सीझन असतो.

शहराचं नाव ट्रोम्सो. नॉर्वेच्या उत्तरेला, ६९ अंश अक्षांशाच्याही वर, आर्क्टिक वृत्ताच्या आत. शहराचा मुख्य भाग एका बेटावर आहे. आपल्याकडून ग्रुप टूरने नॉर्दर्न लाइट्स बघायला जाणारी बरीच मराठी कुटुंबं याच शहरात उतरतात. त्यामुळे तिथे रात्री आणि थंडीत फोटो कसे काढायचे, हे कळणं आपल्याही कामाचं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका

"सूर्य उगवत नाही" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चोवीस तास काळोख येतो. तसं नसतं. २७ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य क्षितिजाखाली जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. पण २१ डिसेंबरलासुद्धा दुपारी तो क्षितिजाच्या जेमतेम ३ अंश खाली असतो. म्हणजे साधारण सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेदोनपर्यंत, चार तासांहून जास्त वेळ, आकाशात संधिप्रकाश असतो. ढग नसतील तर दक्षिणेला गुलाबी कड आणि बाकी सगळीकडे गडद निळा रंग. खाली रस्त्यावरचे पिवळे दिवे चालू आणि बर्फावर दोन्हींचं प्रतिबिंब.

फोटोग्राफर ज्याला ब्लू अवर म्हणतात, तो आपल्याकडे सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. ट्रोम्सोमध्ये तो भर दुपारी चार तास चालतो. ज्याला लोक "दिवस नाही" म्हणतात, तो खरं तर फोटोसाठी दिवसातला सर्वांत चांगला प्रकाश आहे.

डोंगरांमुळे शहरात सूर्य प्रत्यक्ष दिसायला २१ जानेवारी उजाडते. त्या दिवशी लोक गोड बन खाऊन सूर्याचं स्वागत करतात. पण तोपर्यंत शहर दुलई घेऊन झोपलेलं नसतं. १९९१ पासून तिथे दर जानेवारीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि त्यात उघड्यावर बर्फाच्या पडद्यावरही सिनेमे दाखवतात. अडचण लपवली नाही, तिचाच कार्यक्रम केला!

शहराचे चार फोटो

नवीन माणूस जाईल तिथे दोन हजार फोटो काढतो आणि ग्राहकाला दाखवायला दहासुद्धा धड निघत नाहीत. त्यापेक्षा यादी छोटी ठेवा.

१. वरून शहर. स्टोरस्टाइनेन या ४२१ मीटर उंचीच्या कड्यावर केबल कारने जाता येतं. तिथून दिव्यांनी उजळलेलं अख्खं बेट आणि पूल एका फ्रेममध्ये बसतात. काळोख पडायची वाट बघू नका. संधिप्रकाशात जा, म्हणजे आकाश निळं आणि दिवे पिवळे एकत्र मिळतील. पूर्ण अंधारात वरचं आकाश नुसतं काळं येतं.

२. आर्क्टिक कॅथेड्रल. १९६५ मध्ये बांधलेलं, वास्तुविशारद यान इंगे होविग यांचं हे त्रिकोणी पांढरं चर्च पुलाच्या पलीकडे आहे. आतले दिवे लागले की ते कंदिलासारखं दिसतं. समोरून काढा, बर्फाची जमीन फ्रेममध्ये ठेवा.

३. पूल. १९६० साली सुरू झालेला हा पूल १,०३६ मीटर लांब आहे. गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा हव्या असतील तर शटर १०-१५ सेकंद उघडं ठेवा. ट्रायपॉड मात्र पुलावर नको, काठावर लावा. गाडी गेली की पूल थरथरतो आणि फोटो हलतो.

४. जुनी वस्ती. मुख्य रस्त्यावरची रंगीत लाकडी घरं, १८६१ मधलं लाकडी कॅथेड्रल, खिडकीतला उजेड, बर्फातून चालणारं एखादं माणूस. शहर राहतं कसं, ते याच फोटोत दिसतं.

थंडी कॅमेऱ्याला काय करते?

समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे ट्रोम्सोत जानेवारीतलं सरासरी तापमान उणे चार अंशांच्या आसपास असतं. पण आतल्या भागात, फिनलंडच्या सीमेकडे गेलात तर ते उणे वीसच्याही खाली जाऊ शकतं. तिथे या गोष्टी कामाला येतात:

- बॅटरी: थंडीत ती लवकर मान टाकते. किमान तीन घ्या, दोन शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. "संपलेली" बॅटरी गरम झाली की बऱ्याचदा पुन्हा थोडी चालते.
- दव: गार कॅमेरा थेट गरम खोलीत नेला की काचेवर आणि आतही पाणी धरतं. बाहेर असतानाच तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा. आत आल्यावर तास-दोन तास पिशवी उघडू नका. मेमरी कार्ड मात्र आधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाणार नाही.
- बर्फ राखाडी येतो: कॅमेऱ्याला पांढरं खूप दिसलं की तो फोटो काळपट करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अर्धा ते एक स्टॉप वाढवा, पण दिवे पूर्ण पांढरे होत नाहीत ना, ते बघा.
- फोकस: अंधारात ऑटोफोकस भटकतो. लांबच्या दिव्यावर स्क्रीनवर मोठं करून हाताने फोकस करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा.
- हात आणि पाय: आत पातळ मोजे, वर जाड मोजे. बुटांना बर्फात पकड देणारे खिळ्यांचे पट्टे लावा. घसरून पडलात तर माणूस आणि लेन्स दोघेही जायबंदी!

नॉर्दर्न लाइट्ससाठी सुरुवात एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२०० आणि ५ ते १० सेकंद इथून करा. प्रकाश वेगाने नाचत असेल तर वेळ दोन-तीन सेकंदांवर आणा, नाहीतर नुसता हिरवा धुरळा येईल. फोटोत माणूस उभा असेल तर त्याला स्थिर राहायला सांगा. चांगल्या मोबाइलचा नाइट मोडसुद्धा छोट्या ट्रायपॉडवर बरं काम करतो. शहरातल्या दिव्यांत फिकट प्रकाश हरवून जातो. बेटाच्या माथ्यावरच्या प्रेस्टवान्ने तळ्याकाठी थोडा काळोख मिळतो. त्याहून चांगलं आकाश हवं असेल तर शहराबाहेर पडावं लागतं.

आता धंद्याची गोष्ट

इथे नीट लक्ष द्या. ग्राहक आयुष्यात एकदाच एवढ्या लांब जातो, साठवलेले पैसे घालून. त्याला हिरवं आकाश हवंय. आणि आकाश ढगाळ असू शकतं. मग तिथले गाइड नेमकं विकतात काय?

ते "शोध" विकतात. हवामान बघून, जिथे आकाश मोकळं असेल तिथे छोट्या गाडीतून घेऊन जातात. गरज पडली तर थेट फिनलंडपर्यंत. अनेकांच्या टूरमध्ये अंगावर घालायला गरम सूट मिळतो, शेकोटी असते, गरम पेय असतं, ट्रायपॉड मिळतो आणि गाइडने काढलेले फोटो नंतर पाठवले जातात. आकाशाची हमी शहाणा गाइड देत नाही. पण प्रकाश दिसला नाही तरी माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. बर्फातल्या शेकोटीशेजारी त्याच्या कुटुंबाचा चांगला फोटो त्याच्याकडे असतो.

हीच गोष्ट तुमच्या कोटेशनमध्ये उतरवा. समजा, एखादा टूर ग्रुप तुम्हाला सोबत नेतोय. तर लेखी द्या: किती रात्री, प्रत्येक रात्री किती तास, एडिट केलेले किती फोटो, किती दिवसांत. आणि स्पष्ट ओळ टाका: नॉर्दर्न लाइट्स दिसणं निसर्गावर अवलंबून आहे, न दिसल्यास शहराचे आणि कुटुंबाचे रात्रीचे इतके फोटो दिले जातील. जे आपल्या हातात आहे त्याचीच हमी द्या आणि ती शंभर टक्के पाळा. लाखभर रुपयांच्या लेन्सने मिळणार नाही असा विश्वास या एका ओळीने मिळतो.

तीन गोष्टी निघण्याआधीच तपासा:

- पर्यटक व्हिसा म्हणजे कामाचा परवाना नव्हे. पैसे घेऊन काम करणार असाल तर काय लागतं, ते अधिकृत ठिकाणी आधी विचारा.
- ट्रोम्सोचा विमानतळ त्याच बेटावर आहे. विमानतळापासून ५ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, म्हणजे जवळपास अख्ख्या शहरात नाही.
- नॉर्वेत ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो प्रसिद्ध करायला साधारणपणे तिची संमती लागते. जाहिरातीत वापरणार असाल तर लेखीच घ्या.

या आठवड्याचं काम

ट्रोम्सोला जाण्याआधी सराव घरीच करा. तुमच्या गावातल्या एका ठिकाणी, घाट, देऊळ, बाजारपेठ काहीही चालेल, सूर्य मावळल्यावरच्या वीस मिनिटांत ट्रायपॉड लावून फक्त चार फोटो काढा: वरून एक, इमारतीचा एक, चालत्या दिव्यांचा एक, माणसासह एक. सलग सात दिवस. सातव्या दिवशी तुमच्याकडे नमुन्यांचा एक छोटा अल्बम असेल.

मग एक कागद घ्या आणि लिहा: माझ्या धंद्यातला "अंधार" कोणता? पावसाळा? परीक्षांचे महिने? पितृपक्ष? त्या दिवसांत असं काय असतं, जे बाकी वर्षभर मिळत नाही? आणि ते कोणाला हवं असेल? कमीत कमी तीन नावं लिहा आणि त्यातल्या एकाला उद्याच फोन लावा.