कानात रातकिडे किरकिरतात?

दिवसभर मळणीयंत्रात गव्हाच्या पेंढ्या सारल्या, रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की कानात रातकिडा किरकिरू लागतो. कारभारणीला विचारावं, तर तिला काहीच ऐकू येत नाही. घाबरू नका, ही बाधा नव्हे. कानाच्या आत केसासारखे तंतू असलेल्या नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या दुखावतात, अन् एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो. डॉक्टरांनी तो काढला की आवाज थांबतो. पण आपण आधी काय करतो? लसूण घालून कढवलेलं तेल ओततो! पडद्याला भोक असलं तर दुखणं वाढलंच म्हणून समजा. चालू असलेल्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅस्पिरिन, क्विनीन जास्त झाल्यानंही कान वाजतात.

एकाच कानात आवाज, नाडीसारखे ठोके, सोबत चक्कर असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कान एकाएकी बहिरा झाला, तर मात्र सुगी तशीच टाकून त्याच दिवशी निघा. उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतो.

जुन्या आवाजावर हमखास गोळी नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानं पुष्कळांना आराम पडतो. रात्री उशाशी रेडिओ हळू लावून ठेवा. आणि पुढच्या मळणीला कानात इअरप्लग घाला. कापसाच्या बोळ्यानं भागत नाही.