शहराचं कर्ज अन् वकिलाचा ‘सर्च रिपोर्ट’: म्युनिसिपल बाँड म्हणजे नेमकं काय?

पुणे : शेतकरी जमीन तारण ठेवून कर्ज मागायला गेला की बँक आधी वकिलाचा सर्च रिपोर्ट मागते. जमीन त्याच्याच नावावर आहे का, सातबाऱ्यावर आधीचा बोजा आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. महापालिका कर्ज काढते तेव्हाही वकील लागतोच. फक्त रक्कम कोटींत असते.

पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे, म्हणजे म्युनिसिपल बाँड, काढले. मुदत १० वर्षं, व्याज ७.५९ टक्के. पैसे गुंतवणूकदारांनी दिले.

वकील काय तपासतो?

पहिलं म्हणजे, कर्ज काढायचा अधिकार. सर्वसाधारण सभेचा ठराव नियमानं झाला का, राज्य सरकारची मंजुरी आहे का? दुसरं, ‘सेबी’चे २०१५ चे नियम पाळले का? तिसरं, माहितीपत्रकात जुनी देणी, कोर्टातले खटले लपवले तर नाहीत ना?

चौथी गोष्ट परतफेडीची. पुण्यात मालमत्ता कराचा पैसा त्यासाठी वेगळ्या ‘एस्क्रो’ खात्यात वळवायचं ठरलं. कारखाना ऊसबिलातून सोसायटीचं कर्ज आधी कापतो, तसंच हे. असे करार वकीलच तयार करतात.

एवढी काळजी कशाला?

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रेल्वे येणार म्हणून अनेक गावांनी, शहरांनी असे बाँड काढले. काही ठिकाणी रेल्वे आलीच नाही. कर्ज अंगावर आल्यावर गावं म्हणाली, बाँडच बेकायदा होते, पैसे देणार नाही. खटले थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. पुढं वकिलाचं लेखी मत असल्याशिवाय गुंतवणूकदार बाँड घेईनात. तिथं आजही तीच रीत आहे.

लोकांनी काय लक्षात ठेवायचं?

वकील कागद बघतो. योजना गरजेची आहे का, नळाला पाणी येईल का, याची हमी तो देत नाही. आणि कागद एकदा पक्का झाला की कर्ज फेडावंच लागतं. योजना रखडली म्हणून व्याज थांबत नाही. ते जातं करदात्याच्या खिशातून. म्हणून प्रश्न विचारायची खरी वेळ ठराव मंजूर होण्याआधीची. कर्ज किती, कशासाठी, फेडणार कशातून, हे तेव्हाच विचारावं. नंतर विचारून उपयोग नाही.