लसूणघास : स्वफलनक्षमता व बीजोत्पादन

लसूणघास अथवा ल्यूसर्न ही शिंबावंत कुलातील बहुवर्षायू चाऱ्याची वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव मेडिकॅगो सटिव्हा आहे. स्वतःच्याच परागाने बी धरण्याची झाडाची शक्ती म्हणजे स्वफलनक्षमता. लसूणघासात ती झाडागणिक भिन्न असते. भरपूर बी देणारी स्वफलनक्षम झाडे निवडावीत, हा विचार वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु चाऱ्याच्या उत्पन्नाच्या दृष्टीने तो हानिकारक ठरतो.

परागण : फुलातील केसरनलिका व किंज नौतलात ताणलेल्या स्थितीत अडकलेली असतात. माशीच्या दाबाने ती एकदम सुटून पताकेवर आदळतात. या क्रियेस ट्रिपिंग म्हणतात. आघाताने किंजल्कावरील पातळ पटल फाटून पराग रुजू शकतात. ट्रिपिंगवाचून बी क्वचितच धरते. मकरंदासाठी येणाऱ्या पाळीव मधमाश्या फुलाच्या बाजूने सोंड घालून हा तडाखा टाळण्यास शिकतात. म्हणून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात बीजोत्पादनासाठी पाने कापणारी मेगाकिले रोटुंडाटा ही माशी पाळतात. माशी एकाच झाडाच्या फुलांवर फिरली, तर होणारे परागण आनुवंशिक दृष्ट्या स्वपरागणच असते.

स्वफलनाचे परिणाम : अमेरिकेतील डी. सी. कूपर व आर. ए. ब्रिंक यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार परपरागणानंतर सु. ६६%, तर स्वपरागणानंतर सु. १५% बीजकांचेच फलन झाले. फलित बीजकांपैकी पहिल्या सहा दिवसांत नष्ट झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सु. ७% व ३४% होते.

लागवडीतील लसूणघास चतुर्गुणित असून तीत ३२ गुणसूत्रे असतात. स्वफलनाने द्विगुणित वनस्पतीतील विषमयुग्मता दर पिढीस निम्मी होते; चतुर्गुणितात ती सैद्धांतिक दृष्ट्या १/६ नेच घटते. तथापि प्रत्यक्षात लसूणघासाचा जोम या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने खालावतो. स्वफलित व परफलित बी दिसण्यात सारखेच असल्याने हे नुकसान पेरणीच्या वेळी कळत नाही. पुढे कापणीगणिक कमी मिळणाऱ्या चाऱ्यातून ते उघड होते.

प्रजननातील उपयोग : यामुळे शुद्ध वंशावळींऐवजी अनेक निवडक झाडांच्या मुक्त परस्परसंकरातून संश्लिष्ट वाण तयार करतात. एच. एम. टिझ्डल व सहकारी यांनी १९४२ मध्ये नेब्रॅस्का येथून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथिकेत अशा झाडांची पारख त्यांच्या बहुसंकर संततीवरून करण्याची पद्धत मांडली. अल्प स्वफलनक्षमता येथे गुणच ठरते, कारण तिच्यामुळे परफलित बियांचे प्रमाण वाढते. मात्र परपरागणानेही बी कमी धरणारी झाडे वगळावी लागतात. अन्यथा वाण उत्तम असूनही बियाणे महाग पडते.

बीजोत्पादन : महाराष्ट्रात राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आरएल ८८ हा वाण विकसित केला आहे. अशा वाणांच्या बीजोत्पादनासाठी अन्य वाणांपासून पुरेसे अंतर, अमरवेलमुक्त शेत व फुलोऱ्यात भरपूर माश्या आवश्यक असतात. त्या काळात कीटकनाशकांची फवारणी टाळावी. मोजक्याच झाडांचे बी पिढ्यान्‌पिढ्या वापरल्यास निकटसंबंधी संकर वाढून वाणाचा जोम कमी होतो.