काथावरून कातकरी

माथेरानच्या पायथ्यापासून पाताळगंगेच्या खोऱ्यापर्यंत, कर्जत-खालापुरातील अनेक गावांच्या शिवेवर जी लहानशी वाडी दृष्टीस पडते, ती पुष्कळदा कातकऱ्यांची असते; आणि कातकरी किंवा काथोडी हे नाव ज्या काथावरून पडले, तो काथ त्या वाडीत आता सहसा कोणी करीत नाही.

खैर तोडून त्याच्या तांबूस गाभ्याच्या ढलप्या काढावयाच्या, त्या मडक्यांतून तासन्‌तास उकळावयाच्या, उतरलेला अर्क गाळून पुन्हा आटवावयाचा आणि घट्ट झाल्यावर त्याच्या वड्या पाडून वाळवावयाच्या, असा हा चिकाटीचा उद्योग. विडा रंगविणारा काथ तो हाच. १८७८ च्या वन कायद्यानंतर अरण्ये सरकारी राखीव ठरत गेली, खैरावरील वहिवाट आकुंचित झाली, आणि ज्यांचे नावच या धंद्याने ठेवले होते त्यांना कोळशाच्या भट्ट्या, लाकूडतोड, परक्याच्या शेतावरील मजुरी यांचा आश्रय करावा लागला.

आज दिवाळीनंतर कित्येक वाड्या ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याप्रमाणे कातकऱ्यांनाही शासनाने आदिम जमातींत गणले आहे. तथापि, पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर त्यांची घरे उभी आहेत ती पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच्या मालकीची असून, तिच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही, हा मला या जमातीवरील सर्वांत मोठा अन्याय वाटतो. वाडीला गावठाणाचा दर्जा मिळाल्यावाचून घराखालची जमीन त्यांच्या नावे होत नाही, आणि मुंबई-पुण्याच्या सान्निध्यामुळे तिचे मोल वर्षानुवर्षे चढतच आहे.