मोजलेली तारली

जुन्या जालन्यात मासा म्हणजे गोड्या पाण्यातला. रोहू, कटला, मृगळ. नाथसागराचा मरळ हाती लागला तर त्या घरी दुपारपासूनच मसाला वाटायला घेतात. खाऱ्या पाण्यातला मासा येतो तो बर्फाच्या पेट्यांतून, आणि त्यात बांगडा पुढे, कारण तो खिशाला परवडतो. जालन्यातल्या कुंडलिकेच्या काठचा माणूस तारलीवर लिहायला बसला म्हणून कोकणातले हसतील, हसू देत. मासे मुलूख कसा बदलतात, याचं कुतूहल मला आमच्याच बाजारात लागलं. आमचे रोहू-मृगळ मूळचे गंगेकडचे. माणसाने बीज आणून धरणा-तलावांत सोडलं, म्हणून ते मराठवाड्याचे झाले. तारली मात्र कुणी न आणता वर, उत्तरेकडे सरकली.

तारली मूळची मलबारची. केरळात तिला मत्ती म्हणतात आणि तिथल्या गरिबाच्या भाताशेजारी तीच असते. १९८५ पूर्वी देशातली जवळजवळ सगळी तारली ८ ते १४ उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात, म्हणजे केरळ आणि कर्नाटकाच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडायची. त्यानंतर १४ ते २० अंशांच्या पट्ट्याचा वाटा वाढत गेला. कारवार, गोवा, मालवण, रत्नागिरी, मुंबई, सगळं याच पट्ट्यात येतं. २००६ साली देशाच्या एकूण तारलीत हा वाटा सुमारे १५ टक्क्यांवर पोचला होता. बांगड्याने तर खोलीचीही वाट धरली. १९८५ ते १९८९ या काळात तळाशी ओढायच्या ट्रॉल जाळ्यांत देशाच्या बांगड्यापैकी जेमतेम २ टक्के यायचा. २००३ ते २००७ मध्ये तोच वाटा १५ टक्क्यांच्या आसपास गेला. १९६१ ते २००५ या काळात पश्चिम किनाऱ्यालगत समुद्राचा पृष्ठभाग सुमारे ०.२ अंश सेल्सिअसने तापला. एवढ्याशाने काय होतं, असं मे महिन्यातल्या जालनेकराला वाटणारच. पण तारलीला २७ ते २९ अंशांचं पाणी मानवतं, आणि तेवढ्या अरुंद पट्टीत जगणाऱ्या जिवाला थोडा फरकही पुरतो.

हे आकडे ज्या नोंदींतून निघाले, त्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या. १९४७ साली मंडपमला सुरू झालेली ही संस्था आता कोचीतून चालते. आणि त्या नोंदींची सुरुवात होते बंदरावर, टोपल्या मोजण्यापासून. ते काम पाहायचं म्हणून सप्टेंबरात रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला गेलो.

ज्या मोजणीदारांच्या मागे मागे फिरलो, त्यांच्या हातात पाठीला पुठ्ठा लावलेली वही, खिशात दोन पेनं आणि पायात गमबूट. मोजणीचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो. बारा ते सहा जेटीवर उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा पुन्हा यायचं. मधल्या रात्री लागलेल्या बोटींची माहिती विचारून घ्यायची. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडतात आणि दिवस सोडतीने ठरतो. जाळं भरून येणार अशी हवा पाहून गेलं, की फुगलेलाच आकडा मिळणार, म्हणून सोडत. बोटी पंधरापर्यंत असल्या तर सगळ्या बघायच्या. पन्नास किंवा त्याहून जास्त लागल्या तर पाचातली एक.

"काय तांडेल, आज किती वावात?"

"वीस-बावीस. तारली वरती व्हती, बांगडा खालती."

"किती वेळ होतात बाहेर?"

"पहाटे निघालो ना."

तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारलेले खोलीचे आणि वेळेचे हे प्रश्न मला आधी गप्पांसारखे वाटले. पण सगळी ग्यानबाची मेख त्यांतच आहे. पर्ससीनच्या, म्हणजे वेढा घालणाऱ्या जाळ्याच्या, बोटी वाढल्या, इंजिनं मोठी झाली, जाळी लांबली, तर मासा जागचा न हलताही जास्त पकडला जातो. म्हणून टोपल्यांच्या शेजारी बोटीचे तास, खलाशी आणि जाळ्याचा प्रकारही लिहायचा. "मासा वर आला" असं वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा या दुसऱ्या रकान्याचा उल्लेख मला फारसा सापडत नाही, आणि ते मला खटकतं.

टोपली धक्क्यावर उपडी झाली की हात भराभर चालतात. पेडवे आणि तारली माझ्या डोळ्यांना एकच. त्यांनी एक तारली उचलून कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेवरचा काळा ठिपका दाखवला आणि त्याच्यामागचा सोनेरी डागही. तो ओल्या अंगावर उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही. पोटाखालून शेपटीकडून बोट फिरवलं तर खवल्यांची धार करवतीसारखी लागते. टोपलीत तीन जाती मिसळलेल्या असल्या तर अंदाज न लिहिता मूठभर वेगळे काढून वजन करायचं, असा नियम. इकडे लिलाव ओरडतोय, बर्फ फोडला जातोय, हातगाडीवाला "बाजूला!" म्हणून अंगावर येतोय, आणि हे शांतपणे मासे निवडतायत.

काही किलो नमुना विकत घेऊन खोलीवर गेलो. मासा पट्टीवर ठेवायचा, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची, वजन घ्यायचं, मग पोट फाडायचं. या कामाचा जीव त्या पोटात आहे. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारा आणि पुण्यात घर केलेला, दोघेही गावाबाहेर असतात, पण दोघांचं जाणं एक नसतं. तारली रत्नागिरीच्या जाळ्यात आली म्हणजे ती इथली झाली असं होत नाही. ती इथे अंडी घालते का, हे पाहावं लागतं. पिकलेली गाबोळी पिवळी, दाणेदार, पोटाची पोकळी भरून टाकणारी. अंडी टाकून झालेली पिशवी ढिली, रक्ताळ, रिकामी. त्या दिवशीच्या नमुन्यात तशा रिकाम्या पिशव्या निघाल्या. अर्थात त्या माशांनी अंडी रत्नागिरीसमोर टाकली की शंभर मैल खाली, हे पिशवी सांगत नाही.

अडचण आणखी आहे. तारलीची वीण पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. नेमके १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ती बंदी असायलाच हवी. पण पिकलेली गाबोळी ज्या दिवसांत पाहायला हवी, त्या दिवसांत धक्का रिकामा असतो. होड्यांच्या जाळ्यात येईल त्यावर भागवावं लागतं.

मासा नव्या जागी अंडी घालून तिथलाच होतो का, या प्रश्नावर जगाच्या दुसऱ्या टोकालाही अडलंय. उत्तर ध्रुवाकडच्या नद्यांत सॅमन दिसू लागल्यावर कॅनडात मच्छीमारांनाच आवाहन केलं गेलं, की पकडलेला सॅमन आणून द्या, मोबदला घ्या. अलास्का विद्यापीठाच्या संशोधकांना २०२३ साली तिथल्या उत्तर उतारावरच्या अनाक्तुवुक आणि इटकिलिक नद्यांत शंभराच्या आसपास चम सॅमन अंडी घालताना किंवा नुकतीच घातलेले सापडले. वाट चुकलेला एखादा सॅमन तिकडे पूर्वीही जायचा. आता प्रश्न आहे तो अंडी गोठणाऱ्या हिवाळ्यातून तगतात का, पिल्लं मोठी होऊन त्याच नदीत परततात का, हा.

उत्तरेला नवी तारली आली म्हणजे दक्षिणेची तेवढी गेली, असा सरळ हिशेबही मांडता येत नाही. केरळात २०१२ साली तारली ३.९ लाख टनांच्या वर निघाली होती. २०२१ साली ३,२९७ टन. पुढे ती पुन्हा वाढली. घसरणीला एल निनो, पावसाळ्यातला प्रवाह आणि कोवळ्या माशांची बेसुमार पकड अशी बरीच कारणं सांगितली जातात. असा चढउतार करणाऱ्या माशाच्या भरवशावर कर्ज काढून बोट घेणाऱ्याची मला काळजी वाटते. तांडेलाला मी हेच विचारलं. त्याला पाण्याच्या तापमानात रस नव्हता. तारली एकदम भरपूर आली की भाव पडतो, उरलेली फिशमिलच्या कारखान्याला जाते, डिझेलही सुटत नाही, एवढं त्याने ऐकवलं.

त्या संध्याकाळी धक्क्यावर सहा वाजता वहीत रेघ मारली गेली. त्यानंतर दोन पर्ससीन लागल्या. त्यांच्या टोपल्या आम्ही नुसत्या पाहिल्या. त्यांचा हिशेब सकाळी तांडेलांना विचारून रात्रीच्या रकान्यात जाणार होता.